तिसरा पुकारा

वेटिंग लिस्टमध्ये तुमचा नंबर तिसरा आहे असं सांगितलं, की अभिनंदन करावं का धीर द्यावा हे लोकांना ठरवता येत नाही. मग ते सल्ला देतात. मागच्या उन्हाळ्यात मी इतके सल्ले ऐकले की शेवटी शेवटी भाजीवालीनं जरी "काय झालं तुमच्या अ‍ॅडमिशनचं?" म्हटलं, तरी मी "कोथिंबीर कशी दिली?" एवढंच विचारायची.

मी शाळेत गणित शिकवते. अठरा वर्षं नववी-दहावीला शिकवलं. मग शाळेनं वर इंटरचे वर्ग काढले. इंटर म्हणजे महाराष्ट्रात ज्याला अकरावी-बारावी म्हणतात ते. तिथं शिकवायला एम.एस्सी. लागते आणि मी बी.एस्सी., बी.एड. तेव्हा इंटरसाठी एक चोवीस वर्षांची मुलगी आली. चांगली होती बिचारी. रोज मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसायची आणि माझ्या वहीतून दुसऱ्या दिवशीचा धडा समजून घेऊन जायची. महिनाभर मी तो प्रकार सहन केला आणि मग मुख्याध्यापिकेकडे गेले. त्या म्हणाल्या, "या वर्षी एम.एस्सी.ला नाव घाला. प्रवेशाचा कागद दाखवलात की इंटरचे दोन तास तुम्हाला देते. नाहीतर मॅडम, दहावीलाच राहावं लागेल, रिटायर होईपर्यंत."

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी एम.एस्सी. घेणारं एकच विद्यापीठ आमच्या आवाक्यात होतं. तोही वर्ग पुढच्या वर्षीपासून बंद होणार असं तिथला शिपाई सांगत होता, आणि विद्यापीठात शिपाई सांगतो तेच खरं होतं. म्हणजे हे वर्ष नाही तर नाहीच. मी प्रवेश परीक्षा दिली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पोरासोरांच्या मधे बसून. निकालाचा कागद विभागाच्या दारावर चिकटवला होता. त्यात नावं नव्हती, फक्त अर्जांचे क्रमांक होते. वरच्या यादीत माझा क्रमांक नव्हता. खाली 'प्रतीक्षा यादी' होती, तिच्यात तिसरा.

आम्ही काचीगुड्याला राहतो, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. त्यामुळे वेटिंग म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकाला रेल्वेच आठवते. नवरा म्हणाला, "तीन? तीन म्हणजे कन्फर्मच समज. चार्ट लागताना होतं."

"चार्ट कधी लागतो?"

"ते काय माहीत. पण तीन राहत नाही कधी."

मुलगी म्हणाली, "आई, लाइट घे की." ही मुलगी जन्मल्यापासून हैदराबादची आहे आणि 'मनावर घेऊ नकोस' हे सांगायला तिला एवढे दोनच शब्द येतात. गॅसचा भडका उडाला तरी ती लाइट घ्यायला सांगेल.

आणि मामंजी. माझे सासरे कोर्टात पेशकार होते. पेशकार म्हणजे न्यायाधीशाच्या खाली बसून कागद पुढे करणारा, तारखा लिहिणारा माणूस. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण जगातल्या सगळ्या गोष्टी अजून त्यांच्यापुढे तारखेनं चालतात. रोज सकाळी पेपरवरून मान वर न करता विचारायचे, "पुढची तारीख काय दिली?"

"तारीख नाही हो दिली, मामंजी. थांबा म्हणालेत."

"तारखेशिवाय थांबा? असं कसं? तहकूब करायचं तर तारीख द्यावी लागते."

रोज हेच. मी डब्यात पोळ्या भरत असायची आणि ते मला दिवाणी कामकाजाचे नियम सांगत असायचे.

तारीख विचारायला मी विद्यापीठात चार वेळा गेले. फोन कुणी उचलत नव्हतं, म्हणून दोन बसा बदलून जायचं. खिडकीत एक कारकून होता, वय माझ्या आसपास. तो मला 'अम्मा' म्हणायचा. पहिल्या वेळी म्हणाला, "परसों आव अम्मा." आता हैदराबादेत 'परसों'ला काही अर्थ नसतो हे मला पंचवीस वर्षं इथं काढल्यावर ठाऊक असायला हवं होतं. इथं परसों म्हणजे परवाही, गेला महिनाही आणि लग्नाआधीची गोष्टही. पण मी मूळची नांदेडची. परवा म्हणजे परवा समजून गेले. "लिस्ट अब्बीच नई आई अम्मा, परसों आव." तिसऱ्या वेळी मी विचारलं, "कौनसे परसों?" तर तो इतका मनापासून हसला की मला रागावताही येईना. चौथ्या वेळी मात्र त्यानं कागदच दिला. अमुक दिवशी सकाळी दहाला, विभागाच्या हॉलमध्ये, सगळी मूळ प्रमाणपत्रं घेऊन, स्वतः हजर राहावं. नाव पुकारल्यावर हजर नसल्यास हक्क जाईल.

मामंजींनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. 'पुकारल्यावर' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "मी येणार," म्हणाले.

"कशाला? दोन बसा बदलायच्या आहेत. तुमचे गुडघे..."

"पुकारा आहे. पुकाऱ्याला सोबत माणूस लागतो. पक्षकार पाणी प्यायला गेला आणि खटला निकाली निघाला, असं मी किती वेळा पाहिलंय."

वाद घालायला वेळ नव्हता. मी फाइल लावत होते. फाइल लावणं हे मला जमणारं काम आहे. दहावी, बारावी, बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं, बी.एड., दुसऱ्या राज्यातून आल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट, शाळेचं ना हरकत पत्र, आधार. सगळ्याच्या दोन दोन प्रती. शेवटी लग्नाचा दाखला.

लग्नाचा दाखला का, ते सांगते. माझ्या पदव्यांवर एक नाव आहे आणि आधारवर दुसरं. नुसतं आडनाव वेगळं असतं तर इथल्या कारकुनांना कळलं असतं. पण आमच्याकडे मुलीचं पहिलं नावही बदलतात. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि सगळे टाळ्या वाजवतात. माझं बदललं त्याला कारणही होतं. माझ्या सासूबाईंचं आणि माझं नाव एकच होतं. एका घरात त्याच नावाच्या दोन बायका चालायच्या नाहीत. कुणाला हाक मारली ते कळणार कसं? मला ते तेव्हा पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पहिलं नाव गेलं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव गेलं. तिन्ही शब्द नवे. माहेरी तर मला घरच्या टोपणनावानंच हाक मारतात. म्हणजे पदवीवरचं ते नाव पंचवीस वर्षांत मला उद्देशून कुणीच उच्चारलेलं नव्हतं. अर्जात 'पदवी प्रमाणपत्राप्रमाणे नाव लिहावे' असं होतं, म्हणून मी ते लिहिलं आणि विसरून गेले. आमच्या घरात ते नाव सासूबाईंचं होतं. त्या जाऊन सहा वर्षं झाली. मामंजींनी ते कधी घेतलं नाही, जुन्या वळणाचा माणूस. पण नातेवाईक, दूधवाला, बँकेचं पासबुक, सगळीकडे त्या होत्या.

त्या दिवशी आम्ही सव्वानऊलाच पोचलो. हॉलमध्ये पन्नासेक खुर्च्या, वर चार पंखे, त्यांतले दोन चालू. पुढे टेबलामागे एक प्राध्यापकबाई आणि शेजारी आमचा परसोंवाला कारकून, हातात माइक. माइक खरखरत होता. माझ्या उजव्या हाताला मामंजी बसले, काठी गुडघ्यांमधे धरून. डावीकडे एक मुलगी होती, विशीची, वेणी घट्ट घातलेली, मांडीवर पारदर्शक फाइल.

"आंटी, आपका कितना?" तिनं विचारलं.

"तीन. तुम्हारा?"

"चार," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आप आए ना, मेरा गया."

आता याला काय उत्तर द्यायचं? "देखते हैं," म्हटलं.

प्राध्यापकबाईंनी इंग्रजीत सांगितलं की वरच्या यादीतले काही जण अजून आलेले नाहीत, त्यांना आधी पुकारू, त्यातून जागा उरतील त्या वेटिंगला. किती जण आलेले नाहीत, वेटिंग कुठून सुरू होणार, काही नाही. चारही पंखे चालू असते तर मी उठून विचारलं असतं. उकाड्यानं माझं डोकं दुखत होतं.

पहिलं नाव पुकारलं. एक मुलगा उठून गेला.

"एक गेली," मामंजी पुटपुटले. ते बोटांवर मोजत होते.

दुसरं नाव. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. कुणी नाही. कारकुनानं कागदावर रेघ मारली.

"गैरहाजर," मामंजी खुशीत म्हणाले.

तिसरंही गैरहाजर. कुणाची तरी वर्षाची मेहनत होती ती, पण त्या वेळी मला लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं हे कबूल करते. चौथं नाव एका चष्मेवाल्या माणसाचं निघालं, तो धावतच गेला. पाचवं गैरहाजर.

"ह्यांची वरची यादी संपत का नाही?" मी म्हटलं. "किती जण आहेत?"

"चालू दे. रिकामं होतंय ते आपल्या फायद्याचं."

मग सहावं नाव. कारकुनानं आडनावाचे दोन तुकडे केले, पहिला तुकडा तेलुगू हेलात लांबवला, दुसरा माइकच्या खरखरीत गेला. त्यानंतरचं नाव मात्र स्पष्ट ऐकू आलं. सासूबाईंचं नाव. मी आणि मामंजींनी एकमेकांकडे पाहिलं.

कुणी उठलं नाही.

"ह्या नावाची माणसं वेळेवर येतच नाहीत," मामंजी म्हणाले. सासूबाई लग्नाकार्यांत शेवटच्या पंगतीला पोचायच्या, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी हसले. अगदी तोंडावर पदर धरून हसले.

कारकुनानं पुन्हा पुकारलं. मी मागे वळून पाहिलं, कोण ही बाई म्हणून. मनात म्हटलं, अर्ज करतात, परीक्षा देतात, आणि दहा वाजता येता येत नाही. शाळेतही हेच. बेजबाबदार.

रेघ मारली. पुढचं नाव पुकारलं, आणि माझ्या डावीकडची मुलगी ताडकन उभी राहिली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती चार नंबर. चारला बोलावलं म्हणजे वरची यादी केव्हाच संपली आणि वेटिंगचा तीनही होऊन गेला. तीन कोण? तीन मी. मला कधी बोलावलं?

कधी बोलावलं ते कळायला मला फार तर तीन सेकंद लागले असतील. गणिताची शिक्षिका मी. त्या तीन सेकंदांत मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. एवढी फाइल, क्रमवार, दोन दोन प्रती, आणि त्या सगळ्या कागदांच्या डोक्यावर लिहिलेलं नाव माझं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"मामंजी," मी म्हटलं, "ते मी होते."

"कोण?"

"आत्ताचं नाव. ते माझं आहे. लग्नाआधीचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासूबाईंची साडी चोरली. मग त्यांच्या डोक्यात शिरलं. अर्थात शिरणारच, बदललं त्यांनीच होतं.

मुलगी टेबलापाशी पोचली होती. मी उठून "एक मिनट, एक मिनट, वो नाम मेरा है" म्हणत पुढे गेले. कारकून म्हणाला, "अम्मा, आपको दो बार बुलाया मैं. आप हँस रहे थे." हे खरं होतं. प्राध्यापकबाई म्हणाल्या, नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, नियम आहे. मी म्हटलं, नाव जुनं आहे. त्यांनी आधार मागितलं. आधारवर दुसरंच नाव. मी लग्नाचा दाखला काढला. तो मराठीत, नांदेडचा. त्या दाखल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायला लागल्या. जागा एकच उरली होती, ती मुलगी फाइल छातीशी धरून माझ्या शेजारी उभी होती, आणि मागून कुणीतरी "क्या होरा?" विचारत होतं.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"तिसरा पुकारा झाला नाही!"

मामंजी उभे होते. मराठीत बोलले, मग ध्यानात येऊन दखनीत. "दोच बार बुलाए आप. तीन बार बुलाना पडता. तीसरे पुकारे के बिगैर गैरहाजिर नई लिख सकते. पैंतीस साल कोर्ट में काम करा मैं."

"साहब, ये कोर्ट नई," कारकून म्हणाला.

"कागज पो लिखे तुम. 'पुकारने पर.' लिखे कि नई? पुकारना बोले तो तीन बार."

प्राध्यापकबाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं आपल्या कागदाकडे. खरं तर असा काही नियम विद्यापीठात नसावा. पण पांढऱ्या मिशांचा माणूस भर हॉलमध्ये उभा राहून नियम सांगतो, तेव्हा तो नाही हे शोधायलाही वेळ लागतो. आणि मामंजींनी तो वेळ दिलाच नाही. त्यांनी मान वर केली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात, माइकशिवाय, माझं आडनाव, माझं नाव आणि माझ्या वडिलांचं नाव पुकारलं. पूर्ण. तुकडे न करता. शेवटी "हाजिर हो" जोडलं.

हसू दाबत मुलं बंद पंख्यांकडे बघायला लागली.

मी टेबलापासून हातभर अंतरावर उभी होते. तरी म्हणाले, "हजर."

प्राध्यापकबाईंना हसू आवरेना. त्यांनी कारकुनाला खूण केली. "लिखो. थर्ड कॉल पे प्रेझेंट." मग मला म्हणाल्या, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र आठ दिवसांत आणून द्या. मी फाइलमधून ते काढून टेबलावर ठेवलं. शाळेच्या कारकुनानं ते वकिलाच्या शिक्क्यासकट करवून ना हरकत पत्राला टाचून दिलं होतं, आणि मी न वाचताच सही केली होती. दाखला काढताना मला ते आठवलंच नव्हतं.

ती मुलगी परत जाऊन बसली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण जागा सोडावी इतकं वाटलं नाही, आणि तसं वाटल्याचं इथं लिहिणारही नाही. ती विशीची आहे, दिवसाच्या वर्गाला बसू शकते. माझ्यापुढे दुसरा वर्ग नव्हता. सही करताना मात्र हात थांबला. पदवीवरची सही करायची का बँकेतली? कारकून म्हणाला, "अम्मा, कौनसी बी करो, जल्दी करो."

बसमध्ये मामंजी चादरघाटचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "आडनाव नीट घेतलं ना मी?"

"घेतलंत."

"बऱ्याच दिवसांनी घेतलं. पत्रिकेवर वाचलं होतं तेव्हा." मग खिडकीतून बाहेर बघत, "तिनं मात्र पहिल्या पुकाऱ्यालाच ओ दिली असती. कानानं तिखट होती."

"आणि पोचायला उशीर."

"पोचायला उशीर," ते म्हणाले.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं ना कन्फर्म? तीन राहत नाही म्हणालो होतो." मुलगीही म्हणाली, "बघ, उगाच टेन्शन घेतलंस." मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मामंजींनी सांगितलं, तीन वेळा, प्रत्येक वेळी हॉल थोडा मोठा करून.

आता आठवड्यातून पाच संध्याकाळी मी वर्गात असते. इंटरचे दोन तास मिळाले. ती चोवीस वर्षांची मुलगी अजून मधल्या सुट्टीत येते, पण आता आम्ही दोघी एकमेकींच्या वह्या बघतो. विद्यापीठात तास सुरू होताना हजेरी घेतात आणि ती पदवीवरच्या नावानं. पहिल्या आठवड्यात दोनदा माझी गैरहजेरी लागली, मी पहिल्या बाकावर बसलेली असताना. मग मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ते नाव लिहून ठेवलं. हजेरी सुरू झाली की वही समोर धरते आणि कान उघडे ठेवते.

घरी परतल्यावर मामंजींचा प्रश्न ठरलेला असतो. पेपरवरून मान वर करत नाहीत. "आज कितव्या पुकाऱ्याला?"

"पहिल्या," मी चप्पल काढत सांगते. बहुतेक वेळा ते खरंच असतं.